खांद्याचे हाड मोडले असता : शस्त्रक्रिया केव्हा, कोणती आणि कशासाठी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला आणि आम्ही खांद्याच्या अस्थिभंगाचे नाव घेतले, तेव्हा त्यांस किंचित नवल वाटले. निवृत्त शिक्षकाने शिक्षण, संस्कार किंवा वाचन यांवर बोलावे असा आपल्याकडील प्रघात आहे. आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणारे अर्ज वाचण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. त्यांत मोडलेल्या हाडांचे अर्ज पुष्कळ असतात, आणि ते वाचताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. शस्त्रक्रियेचा निर्णय एका रात्रीत होतो, पैसा दागिना गहाण ठेवून उभा राहतो. आणि ही शस्त्रक्रिया कशासाठी, दुसरा मार्ग होता काय, असे विचारले तर घरातील कोणासही उत्तर देता येत नाही. याच्या उलटही घडते. शस्त्रक्रिया खरोखरच आवश्यक असते, पण भीतीने किंवा खर्चाच्या धास्तीने ती टाळली जाते आणि कमावता हात जन्माचा अधू होतो. या दोन्ही हानी टाळण्याजोग्या आहेत. म्हणून डॉक्टरमंडळींना विचारून व वाचून आम्ही जे समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम खांद्याची रचना पाहू. खांदा म्हणजे एक हाड नव्हे. गळ्याखाली आडवे असलेले जत्रूचे हाड, ज्याला दवाखान्यात कॉलर बोन म्हणतात. पाठीकडचे चपटे त्रिकोणी हाड, म्हणजे खवाटा. आणि दंडाच्या हाडाचे वरचे टोक, अशी तीन हाडे येथे एकत्र येतात. शाळेत आपण मुलांना शिकवितो की हा उखळीचा सांधा. ते खरेच आहे. परंतु खुब्याची उखळ खोल असते, खांद्याची अगदी उथळ. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत चमच्यावर लिंबू जसे तोलून धरावे लागते, तसा दंडाचा गोळा खवाट्याच्या उथळ खोबणीवर टेकलेला असतो. तो निसटत नाही, याचे मोठे कारण त्याच्याभोवती चार स्नायूंच्या कंडरांचे वेष्टण आहे. यालाच रोटेटर कफ असे नाव आहे. याच रचनेमुळे आपल्याला हात वर, मागे, बाजूला, हवा तसा फिरविता येतो. स्वातंत्र्य अधिक, म्हणून स्थैर्य कमी, असा हा सांधा आहे.

दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडते तेव्हा बहुधा चार भागांच्या सीमांवर मोडते : एक गोळा, दुसरा व तिसरा म्हणजे कंडरा जेथे चिकटतात ते मोठा व लहान असे दोन उंचवटे, आणि चौथा खालचा दांडा. अमेरिकेतील शस्त्रवैद्य चार्ल्स नीअर यांनी १९७० साली या चार भागांच्या आधारे वर्गीकरण मांडले, ते आजही वापरात आहे. एखादा भाग एक सेंटिमीटरहून अधिक सरकला किंवा ४५ अंशांहून अधिक कलला, तर तो 'सरकलेला' समजावा, असा त्यांचा नियम आहे. डॉक्टर 'टू पार्ट', 'थ्री पार्ट', 'फोर पार्ट' असे म्हणतात, ते हेच. हाड किती ठिकाणी तडकले, यापेक्षा किती भाग आपली जागा सोडून गेले, याला येथे महत्त्व आहे.

हे हाड मोडण्याची कारणे वयाप्रमाणे दोन प्रकारची. तरुणांचे हाड भक्कम असते. ते मोडायला दुचाकीचा अपघात किंवा उंचावरून पडणे यांसारखा मोठा आघात लागतो. वयस्कांचे, विशेषतः मासिक पाळी थांबलेल्या भगिनींचे, हाड विरळ झालेले असते. न्हाणीघरात पाय घसरून पडण्याएवढे निमित्तही त्याला पुरते. उतारवयातील अस्थिभंगांत खुबा व मनगट यांच्या खालोखाल दंडाच्या या टोकाचा क्रम लागतो. एकाच नावाचा हा अस्थिभंग दोघांत वेगळा असतो, आणि म्हणूनच उपायही वेगळे होतात, हे ध्यानात ठेवावे.

आता पहिल्या काही तासांविषयी. हात झोळीत घालून छातीशी स्थिर ठेवावा, बोटांतील अंगठी व हातातील बांगड्या सूज चढण्यापूर्वी काढाव्यात, आणि रुग्णास हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावे. चोळणे, ओढणे, तेल लावून शेकणे हे करू नये. हाडवैद्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्याविषयी आम्हांस अनादर नाही. परंतु आत किती तुकडे आहेत आणि कोणती रक्तवाहिनी दबली आहे, हे बोटांनी चाचपून कळत नाही. काही लक्षणे तातडीची समजावीत : जखमेतून हाड बाहेर दिसणे, हात गार किंवा फिका पडणे, बोटे हलेनाशी होणे, दंडाच्या वरच्या बाह्य भागावर स्पर्श न कळणे. खांद्याजवळून हाताची मुख्य रोहिणी व मज्जातंतू जातात. त्यांना इजा झाल्याची ही चिन्हे असू शकतात. गोळा खोबणीतून निखळून शिवाय मोडलाही असेल, तरी विलंब चालत नाही. या प्रसंगांत शस्त्रक्रिया करावी की नाही हा वाद सहसा उरतच नाही. विचाराला वेळ असतो तो बाकीच्या रुग्णांच्या बाबतीत, आणि बहुसंख्य रुग्ण या बाकीच्यांतच मोडतात.

हाड जोडण्याची विद्या आपल्या देशास नवी नाही. सुश्रुतसंहितेत भग्नाचे दोन वर्ग केले आहेत, सांधा निखळणे आणि हाड मोडणे. पहिल्याचे ६ व दुसऱ्याचे १२ प्रकार सांगितले आहेत. वड, पिंपळ, उंबर, पळस, बांबू यांच्या साली किंवा कामट्या लावून बांधावे, बांधणी सैल झाल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झाल्यास सूज व वेदना वाढून पू होतो, असा इशाराही तेथे आहे. पुढे १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि आतले हाड डोळ्यांना दिसू लागले. त्याच्याही आधी, १८९३ मध्ये, पॅरिसचे शस्त्रवैद्य पेआं यांनी क्षयाने खांदा नासलेल्या एका रुग्णास प्लॅटिनम व रबर यांचा कृत्रिम सांधा बसविला होता. जंतुदोष न हटल्याने तो पुढे काढावा लागला. आज आपल्याला जे उपाय उपलब्ध आहेत, ते अशा शतकभराच्या यशापयशातून आले आहेत.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. शस्त्रक्रिया केव्हा नको? हाडाचे भाग फारसे सरकलेले नसतील, तर दोन-तीन आठवडे झोळी आणि मग व्यायाम, एवढाच उपाय सर्वसामान्यपणे पुरतो, आणि अशा रुग्णांचीच संख्या मोठी आहे. जे भाग सरकलेले आहेत, त्यांच्या बाबतीत पूर्वी शस्त्रक्रियेकडे कल असे. यासाठी ब्रिटनमध्ये 'प्रोफर' नावाची एक चाचणी झाली. ३२ रुग्णालयांतील २५० प्रौढ रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले. एका गटास शस्त्रक्रिया, दुसऱ्यास झोळी व व्यायाम. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर रुग्णांना हात कितपत वापरता येतो याची मोजणी केली असता, दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. पाच वर्षांनंतर पाहिले, तरी चित्र तेच राहिले.

या निष्कर्षाचा अर्थ नीट लावला पाहिजे. शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे, असा त्याचा अर्थ नाही. ज्यांचा सांधा निखळला होता, ज्यांचे हाड त्वचा फाडून बाहेर आले होते, किंवा ज्यांना शस्त्रक्रिया स्पष्टपणे आवश्यक होती, अशांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते. अर्थ एवढाच की क्ष-किरण चित्र पाहून छातीत धस्स झाले, म्हणजे शस्त्रक्रिया अटळ झाली असे नव्हे. खांदा चहूकडे फिरणारा असल्यामुळे हाड थोडे वाकडे जुळले तरी हात पुष्कळसा चालतो. चित्र सुंदर दिसणे आणि हात उपयोगी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आमच्या घरचे उदाहरण सांगतो. आमच्या सौभाग्यवतींना त्रेसष्टाव्या वर्षी ओल्या फरशीवर पडून हा अस्थिभंग झाला. तीन भाग झाले होते, परंतु गोळा दांड्यावर टेकून स्थिर होता. डॉक्टरांनी सी. टी. स्कॅन पाहून शस्त्रक्रिया नको असे सांगितले. लगेच नातलगांचे दूरध्वनी सुरू झाले. हल्ली सर्वजण प्लेट टाकतात, तुम्ही पैशाकडे का पाहता, असा सूर होता. आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांचे मत घेतले; तेही तसेच पडले. तिसऱ्या आठवड्यापासून व्यायाम सुरू झाला, आणि तो सहा महिने एक दिवसही चुकला नाही. आज त्यांना वेणी घालता येते, कणीक मळता येते. उंच फळीवरचा डबा मात्र डाव्या हाताने काढावा लागतो. एवढ्यावर त्या समाधानी आहेत.

आता शस्त्रक्रियेचे प्रकार पाहू. जत्रूचे हाड बहुधा मधोमध मोडते. फारसे सरकले नसेल तर ते झोळीने जुळते. परंतु टोके एकमेकांवर चढून हाड आखूड झाले असेल, आणि माणूस तरुण व कष्टाची कामे करणारा असेल, तर धातूची पट्टी व स्क्रू लावण्याचा विचार होतो. कॅनडातील शस्त्रवैद्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वर्षअखेर तपासलेल्या रुग्णांपैकी, पट्टी लावलेल्या ६२ जणांत २ जणांचे, तर झोळीत ठेवलेल्या ४९ जणांत ७ जणांचे हाड जुळले नव्हते. म्हणजे पट्टीने हाड न जुळण्याचा धोका घटतो. पण झोळीवरही बहुतेकांचे जुळते. पट्टी त्वचेखाली टोचते, क्वचित जंतुदोष होतो, आणि ती काढण्यासाठी पुन्हा भूल घ्यावी लागू शकते. आमच्या एका पुतण्याचे, वय अठ्ठावीस, दुचाकीवरून पडून हे हाड मोडले. टोके दोन बोटे एकमेकांवर चढली होती आणि पोटापाण्याचा धंदा ओझी उचलण्याचा. त्याला पट्टी लावली, आणि ते योग्यच झाले. काकूंना नको आणि पुतण्याला हवी, यात विसंगती नाही. तोच या विषयाचा गाभा आहे.

खवाटा मोडण्यास मोठा आघात लागतो, म्हणून डॉक्टर आधी बरगड्या व फुप्फुसे तपासतात. बहुतेक वेळा तो शस्त्रक्रियेवाचून जुळतो. भेग खोबणीत जाऊन सांध्याचा पृष्ठभाग खालीवर झाला असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

दंडाच्या टोकासाठी प्रमुख मार्ग तीन. पहिला, तुकडे जागेवर बसवून पट्टी लावणे किंवा हाडाच्या पोकळीतून सळई घालणे. हल्लीच्या पट्टीत स्क्रूचे डोके पट्टीतच आटे घेऊन घट्ट बसते, त्यामुळे विरळ हाडातही पकड बरी राहते. तरुणांत, विशेषतः गोळा शाबूत असेल तर, हा मार्ग प्रथम विचारात घेतला जातो. याचा धोका असा की गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या तुटल्या असतील तर गोळा हळूहळू मरतो व खचतो, आणि मग स्क्रूची टोके बाहेर येऊन खोबण कुरतडतात. अशा वेळी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

दुसरा मार्ग, मोडलेला गोळा काढून त्याजागी धातूचा गोळा बसविणे, म्हणजे अर्धा सांधा बदलणे. नीअर यांनीच १९५० च्या दशकात हा प्रघात पाडला. वेदना याने बहुधा कमी होतात. पण हात वर जाणे हे त्या दोन उंचवट्यांचे हाड धातूभोवती पुन्हा जुळण्यावर अवलंबून असते, आणि वृद्धांत ते पुष्कळदा जुळत नाही.

तिसरा मार्ग या अडचणीतूनच निघाला. फ्रान्समधील दिजाँ येथील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली सांधा उलटा केला : गोळा खवाट्याच्या बाजूस आणि वाटी दंडाच्या बाजूस. असे केल्याने फाटलेल्या कंडरांवर विसंबावे लागत नाही. खांद्यावरचा मोठा बाह्य स्नायू एकटा हात उचलू शकतो. याला रिव्हर्स शोल्डर, म्हणजे उलटा सांधा म्हणतात. नॉर्वेत ६५ ते ८५ वर्षांच्या १२४ रुग्णांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, फार सरकलेल्या अस्थिभंगांत दोन वर्षांनंतर उलट्या सांध्याच्या गटास १०० पैकी सरासरी ६८, तर पट्टीच्या गटास सुमारे ५५ गुण मिळाले. म्हणून वयस्क माणसाची शस्त्रक्रिया करावयाचीच असेल, तर आज कल याकडे आहे. परंतु हा कृत्रिम सांधा महाग, बिघडल्यास दुरुस्ती अवघड, आणि जड ओझ्यासाठी नव्हे. म्हणून तरुणांत तो सहसा टाळतात. शिवाय स्पेनमध्ये ८० वर्षांपुढील रुग्णांत हा सांधा आणि झोळी यांची तुलना केली, तेव्हा लाभ अगदी थोडा दिसला.

बंधुभगिनींनो, शस्त्रक्रिया होवो अथवा न होवो, पुढचे काम दोघांचेही तेच असते. खांद्याचा खरा शत्रू आखडणे हा आहे. बोटे, मनगट व कोपर पहिल्या दिवसापासून हलवावे. डॉक्टरांनी सांगताच कमरेतून वाकून हात लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवावा. पुढे काठीच्या आधाराने, मग भिंतीवर बोटे चढवून. हे काम दुखते, म्हणून टाळले जाते. आणि घरची माणसे प्रेमापोटी 'राहू द्या, आम्ही करतो' असे म्हणून त्यात भरच घालतात. शस्त्रक्रियेसाठी लाख रुपये उभे करणारे घर व्यायामासाठी रोज वीस मिनिटे शेजारी बसत नाही, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. तंबाखू व धूम्रपान हाड जुळण्यास विलंब लावतात. मधुमेह ताब्यात नसेल तर जंतुदोषाचा धोका वाढतो. तेवढे तरी आपल्या हाती आहे.

आणखी एक. साध्या पडण्याने हाड मोडले, तर तो हाडे विरळ झाल्याचा इशारा समजावा. खांदा बरा झाला म्हणजे गोष्ट संपली असे नव्हे. पुढचे पडणे खुब्यावर असू शकते. म्हणून हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी, डॉक्टरांनी दिलेले कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व हाड बळकट करणारे औषध सोडू नये. न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री उठल्यावर दिसेल असा दिवा, आणि डोळ्यांची तपासणी, यांना शस्त्रक्रियेच्या मानाने किती अल्प खर्च येतो!

शेवटी, घरावर असा प्रसंग आल्यास डॉक्टरांना नम्रपणे पाच प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. कोणता भाग मोडला आणि किती सरकला? शस्त्रक्रिया न केल्यास हात कितपत चालेल? केल्यास त्याहून अधिक काय मिळेल? या वयात व या प्रकृतीत धोके कोणते? आणि व्यायाम केव्हा सुरू करावयाचा? तातडीची लक्षणे नसतील, तर एक-दोन दिवस विचाराला व दुसरे मत घेण्याला बहुधा मिळतात. मात्र शस्त्रक्रिया करावयाची ठरली तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होणे बरे, कारण पुढे तुकडे सैल राहत नाहीत. खर्चासाठी कर्ज काढण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची, तसेच ७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या आयुष्मान भारत योजनेची, त्या रुग्णालयात सोय आहे काय, याची चौकशी करावी.

मंडळाच्या चालकांनाही आमची एक विनंती आहे. निधीच्या अर्जात दुसऱ्या डॉक्टरांच्या मतासाठी एक रकाना ठेवावा, आणि शस्त्रक्रियेप्रमाणेच व्यायामाच्या खर्चासही साहाय्य द्यावे. हाड जोडणारा शस्त्रवैद्य एक तास राबतो. हात मिळवून देणारे घर सहा महिने राबते. त्या घरासही आपल्या निधीचा आधार मिळावा, एवढेच मागणे आहे.